अमरावतीचें बारसें

नांव ठेवण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न दिसतो तितका लहान नाहीं. मूल पाळण्यांत घातलें कीं आत्या पुढें येते, चार बाया जमतात आणि मुलाच्या कानांत नांव सांगतात. तेथें नांव ठेवणारी निदान घरची असते व मुलाचें बरें चिंतणारी असते. शहराच्या बारशाला मात्र आत्या नसते. तेथें नांव ठेवतो तो सत्ताधारी, पाळणा हालवितो तो मजूर, आणि ज्याच्या वावरांत पाळणा टांगला त्यास आमंत्रण बहुधा सर्वांच्या शेवटीं जातें.

गेल्या कांहीं वर्षांत वऱ्हाडांतील माणसाच्या कानांवर अमरावती हें नांव दोन दिशांनीं पडूं लागलें आहे. एक अमरावती आपली, अंबादेवीची. आमचा यवतमाळ जिल्हा तिच्याच महसूल विभागांत मोडतो. आयुक्तांची कचेरी तेथें, आमच्या मुलांचें विद्यापीठहि तेथेंच. दुसरी अमरावती कृष्णेच्या कांठची, आंध्र प्रदेशाची नवी राजधानी. शाळेच्या भिंतीवर देशाचा नकाशा टांगला कीं मुलें हटकून विचारतात, ‘गुरुजी, आपली अमरावती तिकडे कशी गेली?’ मुलांस उत्तर देणें सोपें आहे. दोन गांवांचें एक नांव असणें आपल्याकडे नवल नव्हे. पिंपळगांवें किती आहेत याची गणतीच नाहीं. पण मुलांच्या प्रश्नाखालीं मोठ्यांनीं विचारावा असा दुसरा प्रश्न दडलेला आहे. जुन्या अवशेषांचें नांव उचलून नव्या शहरास देतात, तेव्हां त्या अवशेषांतील कोणास वर काढतात आणि कोणास तेथेंच पुरून ठेवतात? आजचा आमचा विषय हा आहे.

आधीं त्या कृष्णाकांठच्या अवशेषांची हकीकत सांगतों. दोन हजार वर्षांपूर्वीं सातवाहनांच्या अमदानींत तेथें मोठें नगर होतें. त्याचें नांव धान्यकटक. सातवाहन आपणांस परके नव्हत. पैठण ही त्यांची राजधानी आणि विदर्भावरहि त्यांचा अंमल होता. या धान्यकटकाशेजारीं बुद्धाचा महाचैत्य, म्हणजे थोर स्तूप, उभा होता. काळाच्या ओघांत बौद्ध धर्म मावळला, स्तूपावर माती चढली आणि त्याचें टेकाड झालें. अमरावती हें नांव त्या स्तूपाच्या काळचें नव्हे. तें जवळच्या अमरेश्वराच्या देवळावरून पडलें आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस वासिरेड्डी वेंकटाद्रि नायडू या जमीनदारानें तेथें आपलें ठाणें वसविलें तेव्हां तें रूढ झालें. नव्या गांवास दगड पाहिजे होता, म्हणून टेकाड उकरलें गेलें आणि कोरीव शिळा बांधकामास लागल्या. १७९७ सालीं कंपनी सरकारचा मोजणी-अधिकारी कॉलिन मॅकेंझी तेथें पोंचला व या जागेची वार्ता बाहेर गेली. पुढें खोदकामें झालीं. उरल्यासुरल्या शिळा कांहीं मद्रासेस गेल्या, कांहीं समुद्रापार गेल्या. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्यें त्यांतील शंभराहून अधिक शिळा आजहि आहेत.

तेव्हां वाचकांनीं ध्यानांत घ्यावें कीं, ज्यास आपण ‘प्राचीन नांव’ म्हणून मिरवितों तें त्या अवशेषांचें स्वतःचें नांवच नव्हे. ज्यांनीं स्तूपाचा दगड काढून घरें बांधलीं त्यांच्या गांवाचें नांव त्या मोडलेल्या स्तूपास चिकटलें. घर पाडणाऱ्याचें आडनांव घरास लागावें, तसा हा प्रकार झाला.

नव्या राजधानीस नांव द्यावयाचें तर त्या मातींत दोन नांवें पडलेलीं होतीं. एक धान्याचें, दुसरें अमरांचें. धान्यकटक या नांवांतच कुणब्याची रास आहे. अमरावती म्हणजे पुराणांतील इंद्राची नगरी, जेथें कोणी नांगर धरीत नाहीं आणि कोणाच्या अंगास घाम येत नाहीं. २०१५ सालीं आंध्र सरकारनें दुसरें नांव पसंत केलें आणि त्याच वर्षीं २२ ऑक्टोबरास, विजयादशमीच्या दिवशीं, पंतप्रधानांच्या हस्तें कोनशिला बसली. पुराण वाचणाऱ्यांस ठाऊक आहे कीं, इंद्राची ही अमरावती बळीराजानें जिंकली होती आणि ती परत मिळविण्यासाठीं वामनानें बळीपाशीं मागितली ती तीन पावलें जमीनच. जोतीरावांनीं या कथेचा अर्थ बहुजनांस उलगडून सांगितल्यास दीडशें वर्षें झालीं. आम्ही आज कोणास वामन म्हणत नाहीं. पण जमीन मागावयाची आणि नांव इंद्राच्या नगरीचें द्यावयाचें, हा योग जुळून आला तेव्हां बळीच्या राज्याची आस धरून घरोघर ओवाळणाऱ्या आमच्या मायबहिणींच्या मनांत शंका उभी राहिली तर त्यांस दोष देतां येणार नाहीं. आणि विजयादशमीचें महत्त्व म्हणाल, तर आम्हां विदर्भवासियांस ती १४ ऑक्टोबर १९५६ पासून निराळ्या कारणानेंहि ठाऊक आहे. त्या दिवशीं नागपुरास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं लाखों लोकांसह बुद्धाचा मार्ग धरला. बुद्धाच्या स्तूपाशेजारचें नांव उचलतांना त्या तिथीची ही आठवण कोणास झाली कीं नाहीं, कोण जाणे.

आतां जमिनीचें पाहूं. नवी राजधानी अवशेषांवर वसलेली नाहीं. ती तेथून पूर्वेस कांहीं कोसांवर तुळ्ळूर, मंदडम, वेलगपुडी, उद्दंडरायुनिपालेम अशा खेड्यांच्या शिवारांत आंखलेली आहे. आंखलेलें क्षेत्र २१७ चौरस किलोमीटर. नदीकांठची जमीन, वर्षांतून एकाहून अधिक पिकें देणारी. केळी, हळद, कापूस, भाजीपाला, सर्व कांहीं होणारी. जमिनी एकत्र करण्याची योजना काढून सरकारनें शेतकऱ्यांकडून सुमारें ३३ हजार एकर घेतली. बदल्यांत मालकास विकसित भूखंड व दहा वर्षें वार्षिक रक्कम द्यावयाची असें ठरलें. पुष्कळांनीं जमीन राजीखुशीनें दिली, हें आम्ही लपवीत नाहीं. पण सर्वांस माप एक नव्हतें. सरकारनें पूर्वीं गोरगरिबांस कसून खाण्यासाठीं दिलेल्या जमिनी ज्यांच्याकडे होत्या, त्यांत दलितांचा भरणा मोठा. त्यांस देऊं केलेला भूखंड खाजगी पट्टेदाराच्या भूखंडाहून लहान. आणि ज्यांच्या नांवावर जमीनच नव्हती, ज्यांचें पोट त्या शिवारांतल्या निंदणीवर व तोडणीवर होतें, त्या कुटुंबांस महिना २,५०० रुपये, तेहि दहा वर्षांपुरते. एकाच मातीचीं हीं तीन मापें झालीं. माती तीच, घाम तोच, फक्त सातबाऱ्याच्या जागीं असलेला कागद निराळा.

पुढें २०१९ सालीं तेथें सरकार बदललें आणि एकाच्या तीन राजधान्या करण्याचा बेत निघाला. जमीन देऊन बसलेले शेतकरी रस्त्यावर आले. ३ मार्च २०२२ रोजीं उच्च न्यायालयानें अमरावतीच्या बाजूनें निकाल दिला. २०२४ सालीं सरकार पुन्हां फिरलें आणि २ मे २०२५ रोजीं कामें नव्यानें सुरू करण्याचा समारंभ झाला. या साऱ्या धांदलींत राजधानीचें नांव एकदांहि बदललें नाहीं. फिरत राहिलें तें शेतकऱ्याचें नशीब.

येथें आम्ही वाचकांस एका माणसाची ओळख करून देऊं इच्छितों. त्याचें नांव विधिक. हा कोणी राजा नव्हे, आचार्य नव्हे. तो चामड्याचें काम करणारा कारागीर. धान्यकटकाच्या महाचैत्यास त्यानें एक शिळा दान दिली. त्या शिळेवर कांठोकांठ भरलेला, कमळें वर आलेला पूर्णघट कोरलेला आहे आणि त्याजवर लेख आहे. लेखांत विधिकानें आपणांस चर्मकार म्हणून उघड सांगितलें आहे. आपण नाग नांवाच्या उपाध्यायाचा पुत्र असल्याचें सांगितलें आहे. आणि आई, बायको, भाऊ, मुलगा, मुली, सगेसोयरे व मित्र या सर्वांस त्या दानांत सामील करून घेतलें आहे. लेखाची भाषा संस्कृत नाहीं, प्राकृत आहे. म्हणजे बाजारांत व घरांत बोलत ती. शिक्षकाचा मुलगा चामडें कमावतो, तें दगडावर कोरून सांगतो, आणि त्याचा दगड बुद्धाच्या स्तूपास चालतो! ज्या देशांत पुढें चांभाराच्या सावलीचाहि विटाळ मानला गेला त्याच देशाची ही गोष्ट आहे. जात ही अनादि आहे असें सांगणाऱ्यांनीं हा एक दगड वाचावा. आमच्या दहा अग्रलेखांचें काम तो एकटा करील.

आणि गंमत अशी कीं, हाच घट आज आंध्र प्रदेशाच्या राज्यचिन्हाच्या मध्यभागीं आहे. २०१८ सालीं त्या सरकारनें अमरावतीच्या शिल्पावरून नवें चिन्ह घेतलें व विधिकाच्या दानाचा उल्लेखहि केला, याबद्दल आम्ही त्याचें अभिनंदन करतों. पण मग विचार मनांत येतो. सरकारी कागदाच्या माथ्यावर चर्मकाराचा घट आणि कागदाच्या पोटांत त्याच्या आजच्या भाऊबंदांस लहान माप, हें कसें जुळावें? नांव सोनुबाई आणि हातीं कथलाचा वाळा, ही म्हण आपल्या बायांनीं उगीच केलेली नाहीं.

हा दोष एकट्या आंध्राचा आहे असें मात्र कोणी समजूं नये. अमेरिकेंत मिसिसिपी नदीच्या कांठीं मेम्फिस नांवाचें शहर आहे. चिकासॉ या मूळच्या लोकांची तेथली जमीन १८१८ च्या करारानें काढून घेण्यांत आली आणि पुढल्याच वर्षीं जमिनीचा व्यापार करणाऱ्या गृहस्थांनीं तेथें शहर आंखलें. नाईलच्या कांठीं मिसर देशाच्या जुन्या राजांची मेम्फिस नांवाची राजधानी होती व तिचे अवशेष उरले होते. आपली नदीहि तशीच मोठी, तेव्हां नांवहि तेंच घेतलें. नांव राजांचें उसनें आणलें, आणि शहर वाढलें तें कापसावर. कापूस वेंचला तो विकत घेतलेल्या गुलामांनीं. जोतीराव फुल्यांनीं १८७३ सालीं ‘गुलामगिरी’ लिहिली आणि ती अमेरिकेंतील गुलामांस दास्यांतून मुक्त करणाऱ्या लोकांस अर्पण केली, ती याच दास्याची आठवण ठेवून. गुलामगिरी कायद्यानें गेल्यावरहि शंभर वर्षांनीं, १९६८ सालीं, त्याच मेम्फिसांत कचरा उचलणारे काळे कामगार ‘मी माणूस आहे’ असे फलक गळ्यांत घालून संपावर निघाले. त्यांच्या पाठीशीं उभे राहण्यास मार्टिन ल्यूथर किंग तेथें गेले आणि ४ एप्रिल रोजीं तेथेंच त्यांचा खून झाला. आज जगांत मेम्फिस म्हटलें कीं कित्येकांस मिसरचा राजा आठवत नाहीं, ते फलक आठवतात. शहराचें खरें बारसें कधीं कधीं दीडशें वर्षांनीं होतें आणि तें करणारे झाडूवाले असतात.

कापसाच्या धाग्यानेंच आपण आपल्या अमरावतीस येऊन पोंचतों. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी माजली, तिकडचा कापूस विलायतेस जाईना, आणि वऱ्हाडच्या कापसास सोन्याचे दिवस आले. मुंबईच्या व विलायतेच्या बाजारांत या कापसास ‘उमरा’ म्हणत. हें नांव कोठून आलें? आपल्या अमरावतीचें जुनें नांव उदुंबरावती, त्याचें उंबरावती, उमरावती, असें जाणकार सांगत आले आहेत. म्हणजे उंबराच्या झाडांचें गांव. आमच्या जिल्ह्यांतल्या तालुक्यांचीं नांवें पाहा: बाभुळगांवांत बाभूळ आहे, कळंबांत कदंब आहे, उमरखेडांत उंबरच दिसतो. गुरें चारणाऱ्यांनीं, पेरणाऱ्यांनीं, वाटेनें चालणाऱ्यांनीं झाड पाहून ठेवलेलीं हीं नांवें. पुढें उंबराचा अमर झाला आणि गांव इंद्राचें झालें. कागदावर व कोनशिलांवर अमरावती चढली. कापसाच्या गांठीवर मात्र उंबर टिकून राहिला, कारण गांठ बांधणारा हमाल पुराण ऐकून नांव उच्चारीत नव्हता.

तरीहि आपल्या अमरावतीचा इतिहास इंद्रापाशीं थांबला नाहीं, ही अभिमानाची गोष्ट आहे. १३ नोव्हेंबर १९२७ रोजीं याच शहरांत इंद्रभुवन नांवाच्या नाटकगृहांत डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालीं वऱ्हाडांतील अस्पृश्य मानलेल्या बांधवांची परिषद भरली आणि अंबादेवीचें दार सर्वांस उघडें करा, अशी मागणी झाली. त्या चळवळींत डॉ. पंजाबराव देशमुखांसारखा कुणब्याच्या घरचा बॅरिस्टर पुढें होता. इंद्राच्या नगरींत, इंद्राच्या भुवनांत बसून देवळाबाहेर ठेवलेल्यांनीं आपला हक्क मागावा, याहून चांगलें उत्तर पुराणास कोणतें असूं शकेल? आणि आज आमचीं मुलें ज्या विद्यापीठाची पदवी घेतात त्याच्या नांवांत अमरावतीच्या आधीं संत गाडगेबाबा आहेत. परिटाच्या घरीं जन्मलेला, हातांत खराटा घेऊन गांव झाडणारा तो माणूस इंद्राच्या पुढें जाऊन उभा राहिला आहे. नांव न पुसतां त्याच्यापुढें आपलें माणूस उभें करणें, ही एक रीत. ती वऱ्हाडानें दाखविली.

कोणी म्हणेल, नांवांवरून इतका काथ्याकूट कशाला? नांव कांहींहि असो, रस्ते व नोकऱ्या झाल्या म्हणजे झालें. असें म्हणणाऱ्यांस आम्ही मराठवाडा विद्यापीठाची आठवण देतों. त्यास बाबासाहेबांचें नांव द्यावें असा ठराव विधिमंडळानें १९७८ सालीं केला आणि नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ रोजीं. मधल्या सोळा वर्षांत दलितांचीं घरें जळलीं, माणसें मेलीं. नांव क्षुल्लक असतें तर तें अडविण्यासाठीं एवढी आग कोणी लावली नसती. दुसरा कोणी म्हणेल, प्राचीन नांवानें लोकांच्या मनांत अभिमान जागा होतो, तो तुम्हांस कां खुपतो? खुपत नाहीं. अभिमान अवश्य जागा व्हावा, पण तो पुरता जागा व्हावा. महाचैत्याच्या दगडांवर नांवें आहेत तीं गृहस्थांचीं, भिक्षुणींचीं, व्यापाऱ्यांचीं, कारागिरांचीं. आमच्या विदर्भांतहि भंडारा जिल्ह्यांत पवनीस १९६९-७० च्या उत्खननांत स्तूप निघाले आणि त्यांच्या कठड्याच्या दगडांवरहि अशींच दात्यांचीं नांवें आहेत. या देशाचें प्राचीन वैभव चार घराण्यांनीं नव्हे, तर अशा शेंकडों हातांनीं थोडें थोडें करून उभें केलें, हा त्या दगडांचा अर्थ आहे. वैभव घ्यावयाचें आणि हात विसरावयाचे, यास आमचा विरोध आहे.

आतां आपल्या दाराशीं येऊं, कारण दुसऱ्याच्या बारशांत दोष काढणें सोपें असतें. डिसेंबर २०२० मध्यें महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानें गांवोगांवच्या वस्त्यांचीं व रस्त्यांचीं जातिवाचक नांवें काढून टाकण्याचा निर्णय घेतला आणि समतानगर, भीमनगर, ज्योतिनगर, शाहूनगर, क्रांतिनगर अशीं नांवें सुचविलीं. निर्णय उत्तम आहे आणि तो फार पूर्वींच व्हावयास हवा होता. पण खेड्यांत राहणाऱ्या माणसास फलक आणि नाली हीं दोन्हीं दिसतात. फलकावर समतानगर लिहिलें आणि गांवचें सांडपाणी पूर्वींप्रमाणेंच त्याच वस्तींतून वाहत राहिलें, स्मशानाची वाट पूर्वींप्रमाणेंच अडलेली राहिली, तर समता फलकाच्या लोखंडास मिळाली, माणसास नाहीं. नवें नांव हा हक्काचा आरंभ असावा; तो हक्काचा मोबदला होतां कामा नये.

म्हणून आमचें सांगणें तीन कलमांत आहे. पहिलें असें कीं, गांवाचें, वस्तीचें वा शहराचें नांव बदलावयाचें तर तें ग्रामसभेंत व वॉर्डाच्या सभेंत बदलावें, आणि त्या सभेंत बाया व भूमिहीन मजूर हजर असल्याची नोंद असावी. मजुरी बुडेल अशा वेळीं सभा बोलावूं नये. दुसरें असें कीं, जुनें नांव अपमानाचें नसेल तर तें दप्तरांतून खोडूं नये. नव्याबरोबर तेंहि लिहून ठेवावें, म्हणजे उंबराचा अमर कसा झाला तें आमच्या नातवंडांस समजेल. तिसरें असें कीं, नांवाचा ठराव आणि पाण्याचा, वाटेचा, घरजागेचा ठराव एकाच दिवशीं, एकाच कागदावर व्हावा. एक मंजूर व दुसरा तहकूब, असें चालूं देऊं नये.

आंध्रांतील बांधवांस आम्ही शेजारधर्मानें एवढेंच सांगतों. तुमच्या आणि आमच्या पूर्वजांवर सातवाहनांचा एकच अंमल होता, आमच्या शहराचें आणि तुमच्या राजधानीचें नांवहि आतां एक आहे. तेव्हां तुमच्या बऱ्यावाईटाशीं आम्हांस कर्तव्य आहे. नांव अमरावतीच राहूं द्या, पण नव्या शहराच्या दर्शनी चौकांत विधिक चर्मकाराचें नांव मोठ्या अक्षरांनीं, त्याच्या प्राकृतांत व तुमच्या तेलुगूंत, कोरा. आणि कोरण्याआधीं त्याच्या आजच्या भावांचें माप पट्टेदाराच्या मापाशीं लावून पाहा. मजुराच्या मासिक रकमेची मुदत संपली म्हणून त्याची भूक संपत नाहीं, हेंहि पाहा.

वाचकहो, या उन्हाळ्यांत तुमच्या गांवीं ग्रामसभा भरेल. वस्तीच्या नांवाचा विषय निघाला तर गप्प बसूं नका. फलक कोण लावतो हें विचारा, आणि त्याच दमांत नाली कोण बांधतो हेंहि विचारा. उत्तर लेखी मागा, आणि तें आलें म्हणजे आम्हांस कळवा. या पत्रांत त्यास जागा राखून ठेवली आहे.